रकाना क्रमांक सात

केप्यात मामलेदार कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल. एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा.
लोक कोरे अर्ज घेऊन येतात, मी भरून देतो.
इंग्रजी माझं डिक्शनरीतलं, अक्षर मात्र चांगलं.

सातव्या रकान्यापाशी पेन थांबतं.
रेझिडेंट म्हणजे जो राहतो.
डोमिसाइल म्हणजे जो राहतो
आणि राहणारच आहे असं स्टॅम्पपेपरवर सांगतो.
इनहॅबिटंट नुसता असतो, त्याला कुणी विचारत नाही,
तो शिरगणतीत सापडतो, कधी बिबट्यांच्या अहवालातसुद्धा.
सिटिझनला राहावंच लागतं असं नाही.

पिएदादबाईंचा मुलगा लिस्बन न बघताच पोर्तुगीज झाला,
आता इंग्लंडात कुठल्याशा विमानतळावर ट्रॉल्या ढकलतो.
आजोबांच्या जन्मनोंदीतली एक ओळ पुरली,
'नातुराल द कुडचडें.'
नातुराल म्हणजे? बाईंनी विचारलं.
तिथलाच. झाड असतं तसा.
मग तिकडून परवा आणखी एक कागद आला,
त्यात नॅचरलाइज्ड.
मी डिक्शनरी उघडली, पानं दमट, एकमेकांना धरून बसलेली.
नैसर्गिक केलेला, एवढंच मला लागलं.
बाई म्हणाल्या, ‘‘म्हळ्यार आतांमेरेन म्हजो पूत प्लास्टिकाचो आशिल्लो?’’
आणि हसत सुटल्या,
हसता हसता चष्मा काढून पदर शोधू लागल्या.
झग्याला पदर नसतो.

नेटिव्ह हा शब्द फार विचित्र.
साहेब म्हणाला तर शिवी, आपण म्हटलं तर हक्क,
बँकेच्या फॉर्मवर मात्र ‘नेटिव्ह प्लेस’ म्हणजे
जिथे आपण आता नाही ती जागा.
सोयरू वेळीप डोंगर उतरून येतो, वनहक्काच्या दाव्याची
फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी काखेत.
त्याला तो रकाना भरता येत नाही.
तो अजून तिथेच आहे.
पुरावा म्हणून विजेचं बिल मागतात,
तो म्हणतो, आधी वीज द्या, मग बिल आणतो.

माझंच बघा ना. मी बांदेकर.
बांद्यात आम्हाला कुणी बांदेकर म्हणत नव्हतं,
तिथे आम्ही ‘वहाळापलीकडचे’.
नदी ओलांडून, नाका ओलांडून इथे आलो
तेव्हा गाव नावाला चिकटला.
‘कर’ म्हणजे पावती, निघून आल्याची.

काल शरणव्वा आली, मल्लेशप्पाची धाकटी.
बाप तीस वर्षं खाणीवर चिरे काढतो,
इथली निम्मी घरं त्याच्या पाठीवरून गेलेली.
मुलगी इथल्याच सरकारी इस्पितळात जन्मली,
कोंकणी सफाईदार, भांडताना तर जास्तच.
तिला नर्सिंगसाठी पंधरा वर्षांचा दाखला हवा.
बाजारात सुट्ट्या पैशांवरून वाजलं की ती ‘भायली’,
विजापुरात आत्याकडे गेली की ‘गोवादवळु’.
‘‘सर, यातलं कुठलं लिहायचं?’’

मी रेझिडेंट लिहिलं. ते सुरक्षित असतं.
मग सवयीप्रमाणे सगळा अर्ज मोठ्याने वाचून दाखवला,
नाव, बापाचं नाव, वय, गाव केपे,
तालुका केपे.
‘‘केपे न्हय, सर. केपें.’’
पेनाचं टोपण तिने नाकाच्या शेंड्याला लावलं.
‘‘हांगासून. शेवटचा एम वाचायचा नाही,
नाकात ठेवायचा.’’

चाळीस वर्षं झाली मला इथे.
मी म्हणून बघितलं. तिने मान हलवली, नाही.
पुन्हा म्हटलं.
झेरॉक्सवाला मशीन थांबवून ऐकत होता.
‘‘बरं आहे,’’ ती म्हणाली, ‘‘येईल,’’
आणि वीस रुपये टेबलावर ठेवून
तिकिटाला डिंक लावायला घेतला.